चिमणीच्या धुरातला कार्बन सुटा करणारं मशीन: घ्यावं का?

टॉवेलवाला
नमस्कार मंडळी. एरवी मी इथं पाककृती वाचून गुपचूप निघून जाणारा माणूस. आज अडलंय म्हणून लिहितोय.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं छोटं डाइंग आहे, टॉवेलचं सूत रंगवून देतो. २ टनी बॉयलर आहे, दिवसाला साधारण टनभर कोळसा जातो. गेल्या आठवड्यात एक गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, लॅपटॉप, सगळं जागच्या जागी. म्हणाले, आमचं मशीन तुमच्या चिमणीला जोडा. धुरातला कार्बन डायऑक्साइड आत जातो, तिथं त्याचे दोन भाग होतात. कार्बनची काळी पूड खाली पोत्यात पडते, ऑक्सिजन परत बॉयलरला मिळतो. पूड रबरवाले, शाईवाले किलोवर घेतात. रोज ३५-४० किलो पूड निघणार, दोन वर्षांत मशीन फिटणार. मोटर ५ एचपीची. पूड भरलेली काचेची बरणीही टेबलावर ठेवून गेले.

मी बारावी सायन्स नापास. पण दहावीला शिकलेलं आठवतंय की सीओटू म्हणजे एक कार्बन आणि दोन ऑक्सिजन. मग तोडता येत असेल तर सगळं जग का तोडत नाही? आणि तोडता येत नसेल तर बरणीत काय आहे? धाकटा भाऊ चेक फाडायला बसलाय. जाणकारांनी सांगा.

काय_बे_सोलापूर
आमच्या गल्लीत नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं आणि तुम्ही धुरातनं ऑक्सिजन काढलालाव व्हय मालक! आधी नळातनं पाणी काढणारं मशीन इचारा त्या साहेबाला. ५ एचपी काय, १० ची लावतो मी.

निवांत नाना
चेक फाडू नका. एवढंच. बाकी जाणकार बोलतीलच. (मी खुर्ची टाकून बसलोय, शेंगाचटणी आणि कडक भाकरी घेऊन.)

मास्तर केमिस्ट्री
टॉवेलवाले दादा, प्रश्न अगदी नेमका आहे. तोडता येतं. प्रश्न किमतीचा आहे, आणि ती किंमत विक्रेता ठरवत नाही.

कोळशातला १ किलो शुद्ध कार्बन पूर्ण जळला की सुमारे ३२.८ मेगाज्यूल उष्णता सुटते. विजेच्या भाषेत साधारण ९.१ युनिट. तीच उष्णता तुमचं पाणी उकळते आणि वाफ करते. आता तयार झालेल्या सीओटूमधून तोच १ किलो कार्बन परत सुटा करायचा तर किमान तेवढीच ऊर्जा परत भरावी लागते. कमी चालत नाही. प्रत्यक्षात गळती धरून जास्तच लागते.

तुमच्या माणसाची ५ एचपीची मोटर म्हणजे ३.७ किलोवॅट. १२ तास चालली तर ४५ युनिट. यातलं एकही युनिट वाया गेलं नाही असं धरलं, जे होत नाही, तरी कार्बन निघेल ५ किलोच्या आत. तो ४० किलो सांगतोय. बाकीच्या ३५ किलोची वीज कुठून येते, ते विचारा त्याला.

काय_बे_सोलापूर
आकडा टाकून मशीन चालवलालाय वाटतं. आकडा टाकून वीज घेणारे आमच्याकडं बी हायेत.

टॉवेलवाला
सर, धन्यवाद. पण तो म्हणतो की आत 'कॅटॅलिस्ट' आहे, त्यामुळे वीज कमी लागते. यावर काय म्हणावं?

मास्तर केमिस्ट्री
उत्प्रेरक, म्हणजे तो कॅटॅलिस्ट, हा खंडाळ्याच्या घाटातला बोगदा. बोगदा काढला की गाडीला डोंगराच्या माथ्यापर्यंत चढावं लागत नाही, हे खरं. पण म्हणून लोणावळा पनवेलच्या पातळीला उतरत नाही. तेवढी उंची गाडीला चढावीच लागते. सीओटू खाली पनवेलला आहे, कार्बन आणि ऑक्सिजन वर लोणावळ्याला. मोलच्या हिशोबात, म्हणजे १२ ग्रॅम कार्बनमागे, ही उंची ३९३.५ किलोज्यूल. कुठल्याही बरणीतला कॅटॅलिस्ट ती उंची कमी करत नाही.

हरित_सोलापूर
मास्तर, माफ करा, पण मग झाडं काय करतात? झाडं रोज सकाळी सीओटू घेतात, कार्बन ठेवून घेतात आणि ऑक्सिजन सोडतात. त्यांच्याकडे कुठली ५ एचपी? निसर्ग करतो तर यंत्र का नाही करू शकणार? तुम्ही लोक प्रत्येक नवीन गोष्टीला आधी 'अशक्य' म्हणता.

मास्तर केमिस्ट्री
मी अशक्य कुठे म्हटलं, महाग म्हटलं. पहिली ओळ पुन्हा वाचा.

झाडाची मोटर म्हणजे सूर्य, आणि तिचं बिल येत नाही एवढंच. आता एक गंमत. झाड सीओटू तोडून त्यातला ऑक्सिजन सोडतं, हे आपण सगळे शाळेत घोकलेलं वाक्य चुकीचं आहे. १९४१ मध्ये रुबेन आणि केमन यांनी जड ऑक्सिजन (अणुभार १८ चा) वापरून तपासलं. आधी पाण्यात जड ऑक्सिजन घातला, मग उलट कार्बोनेटमध्ये, म्हणजे सीओटूच्या बाजूला. बाहेर पडणारा ऑक्सिजन पाण्यातल्या ऑक्सिजनशी जुळला. म्हणजे झाड तोडतं ते पाणी. पाण्यातला हायड्रोजन काढून सीओटूवर चढवतं आणि साखर बनवतं. सुटा काळा कार्बन झाडात कुठेच नसतो.

हरित_सोलापूर
हे खरंच माहीत नव्हतं. पण पुस्तकात तर 'कार्बन डायऑक्साइड शोषून ऑक्सिजन सोडतात' असंच आहे ना?

मास्तर केमिस्ट्री
ते वाक्य खोटं नाही. एक घेतात, दुसरा सोडतात. पण घेतलेल्यातलाच सोडतात असं कुठे म्हटलंय? किराणावाल्याकडून शेंगा घेतल्या आणि चटणी करून पाहुण्याला दिली, तरी चटणीतलं तिखट किराणावाल्याचं नसतं.

निवांत नाना
चटणीची उपमा देऊ नका मास्तर, माझी संपली.

पेवकरी
मंगळवेढ्याहून. मास्तरांच्या वरच्या पोस्टवरून एक आठवलं, विषयाला सोडून आहे पण सांगतो.

आमच्याकडं पूर्वी मालदांडी ज्वारी पेवात भरायचे. जमिनीखाली मडक्यासारखा खड्डा, तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आतून कडबा लावलेला. माझ्या आज्याचं एक पेव होतं वाड्याच्या मागं. उघडायचा दिवस ठरला की सकाळी सकाळी तोंडावरची माती-दगड काढून ठेवायचे आणि दुपारपर्यंत कुणालाही जवळ फिरकू द्यायचे नाहीत. मग आजा कंदील पेटवून दोरीला बांधायचा आणि हळूहळू आत सोडायचा. मी वरनं पालथा पडून बघायचो. कंदील दोन हात खाली गेला की ज्योत पिवळ्याची लाल व्हायची, मग बारीक व्हायची, आणि फुंकर न मारताच विझायची. आजा म्हणायचा, "अजून श्वास हाय आत." दोरी वर ओढायची, घमेल्यानं वारा घालायचा, तासानं परत कंदील. ज्योत तळापर्यंत जागी राहिली तरच माणूस उतरायचा, तेही कमरेला दोर बांधून. आजूबाजूच्या गावांत घाई करून पेवात उतरलेली आणि वर न आलेली माणसं मी ऐकलीयत.

तो 'श्वास' म्हणजे हाच वायू ना मास्तर?

मास्तर केमिस्ट्री
अगदी हाच. ज्वारीचा दाणा जिवंत असतो. पेवात बंद पडला तरी तो श्वास घेतो, म्हणजे आतला ऑक्सिजन वापरून साखर हळूहळू जाळतो आणि सीओटू सोडतो. तो हवेपेक्षा दीडपट जड, म्हणून तळाशी साचतो. आजोबांनी प्रयोगशाळेतली चाचणी दोरीला बांधून केली. शेतातल्या ज्वारीच्या ताटानं उन्हात जो रस्ता चढला, तोच रस्ता दाणा पेवात बसून उतरतो.

बाकी सगळ्यांसाठी: ही कंदिलाची गोष्ट वाचून जुन्या विहिरीत कुणी उतरू नका. असा अडकलेला माणूस दिसला तर पाठोपाठ उडी न मारता अग्निशामकाला बोलवा.

ऊस_आणि_मी
पेवकरी, सुंदर लिहिलंय. जोडीला आमचंही एक: ज्वारी आणि ऊस दोघंही सीओटू पकडण्यात इतर पिकांपेक्षा पुढे. त्याला सी-४ पद्धत म्हणतात. हॅच आणि स्लॅक या दोघांनी १९६० च्या दशकात ऑस्ट्रेलियात उसावर काम करूनच ती उलगडली. पानात आधी चार कार्बनचं आम्ल बनवून सीओटू आत साठवतात, मग आतल्या पेशीत नेऊन खर्च करतात. त्यामुळे उन्हाळ्यात पानाची छिद्रं कमी उघडून भागतं. आपल्या जिल्ह्यात कमी पाण्यावर ज्वारी तग धरते त्यात याचा वाटा आहे. (ऊस पाणी किती पितो हा वेगळा धागा, त्यावर मला शिव्या घालू नका.)

काय_बे_सोलापूर
घालणारच. उजनीचं पाणी कुठं जातंय ते कळलं आता.

संपादक मंडळ
उसाच्या पाण्याचा वाद 'शेती' विभागात आधीच ३०० प्रतिसादांवर आहे. कृपया तिकडे.

धूर_इंजिनिअर
मी औष्णिक वीजकेंद्रात बरीच वर्षं काढलेला माणूस. मास्तरांचं गणित मोठ्या मापावर लावून बघा.

सोलापूरजवळ फताटेवाडीला एनटीपीसीचे कोळशावर वीज करणारे ६६० मेगावॅटचे दोन संच आहेत, मिळून १३२०. अशा सुपरक्रिटिकल (खूप जास्त दाबाच्या वाफेवर चालणाऱ्या) संचात कोळशातल्या उष्णतेचा साधारण ३८-४० टक्के भाग विजेत उतरतो. म्हणजे १ किलो कार्बनमागे हाती येतात साडेतीन युनिट. त्याच धुराचा पुन्हा कार्बन करायला लागणार ९. थोडक्यात, फताटेवाडीचा धूर पूर्ण मोडायचा तर आणखी अडीच फताटेवाडी बांधाव्या लागतील. आणि त्या अडीचचा धूर मोडायला आणखी सहा-सव्वासहा.

दुसरी गोष्ट. चिमणीतल्या वायूत सीओटू असतो १२-१४ टक्के, बाकी बहुतेक नायट्रोजन. आधी तो वेगळा पकडावा लागतो. पकडणं हेच आज मोठं काम आहे. विंध्याचलच्या केंद्रात एनटीपीसीनं दिवसाला २० टन पकडणारा संच बसवला आणि त्याचं मिथेनॉल करायला घेतलं. लक्षात घ्या, तिथंही कुणी कार्बन-ऑक्सिजन अशी फोड करत नाही. हायड्रोजन घालून मिथेनॉल करतात, कारण त्याला गिऱ्हाईक आहे.

निवांत नाना
अडीच, मग सव्वासहा, मग साडेपंधरा... भिशी वाटली मला.

लॅबमधला
मी परदेशात संशोधन करतो, मूळचा नवी पेठेतला. मास्तर आणि इंजिनिअर साहेब दोघांचंही बरोबर आहे, पण चित्र एवढंही काळं नाही.

सीओटूचा घन कार्बन करायचे रस्ते खरोखर आहेत. वितळलेल्या लिथियम कार्बोनेटमध्ये, ७५० अंशांच्या आसपास, वीज सोडली की एका विद्युतअग्रावर कार्बन जमतो आणि दुसऱ्यावर ऑक्सिजनचे बुडबुडे येतात. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात स्टुअर्ट लिख्ट यांच्या गटानं २०१५ मध्ये असे कार्बनचे अतिबारीक धागे काढून दाखवले. ऑस्ट्रेलियात आरएमआयटीच्या लोकांनी २०१९ मध्ये सिरियम मिसळलेला द्रवधातू वापरून साध्या खोलीच्या तापमानाला सीओटूपासून कार्बनचे पापुद्रे काढले. २०१४ मध्ये डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात तर नुसत्या तीव्र अतिनील लेझरनं सीओटूचा सरळ कार्बन आणि ऑक्सिजनचा रेणू होतो हे दिसलं. अर्थात थोड्याच रेणूंच्या बाबतीत. बाकीचे कार्बन मोनॉक्साइड आणि सुटा ऑक्सिजन अणू असेच फुटले.

पण हे सगळं प्रयोगशाळेतलं. आणि 'खोलीच्या तापमानाला' याचा अर्थ 'विजेशिवाय' असा नाही.

हरित_सोलापूर
बघा, मी म्हणत होतो ना, होतंय!

लॅबमधला
होतंय. ५ एचपीत ४० किलो होत नाही.

सई_सातरस्ता
मंगळावर नासानं सीओटूपासून ऑक्सिजन काढला होता ना? मुलीच्या प्रोजेक्टला तेच घेतलं होतं आम्ही. थर्माकोलचा रोव्हर केला, त्याचं एक चाक रिक्षात गेलं ते गेलंच.

लॅबमधला
हो ताई, मॉक्सी. पर्सिव्हरन्स रोव्हरच्या पोटात बसवलेलं, मोटारीच्या बॅटरीएवढं यंत्र. मंगळाच्या हवेत ९५ टक्के सीओटू आहे, पण हवाच इतकी विरळ की दाब आपल्या एक टक्क्यापेक्षाही कमी. म्हणून आधी ती दाबून घ्यायची, मग ८०० अंशांपर्यंत तापवायची, आणि सिरॅमिकच्या पडद्यावर वीज लावून ऑक्सिजन ओढून घ्यायचा. २० एप्रिल २०२१ ला पहिल्यांदा चाललं, तेव्हा ५.४ ग्रॅम निघाला. ऑगस्ट २०२३ पर्यंत १६ वेळा चालवून एकूण १२२ ग्रॅम. एका माणसाला दिवसाला लागतो ८०० ग्रॅमच्या वर.

आणि महत्त्वाचं म्हणजे तिथंही कार्बन सुटा करत नाहीत. एकच ऑक्सिजन अणू काढतात, उरलेला कार्बन मोनॉक्साइड परत मंगळाच्या हवेत सोडून देतात. दुसरा अणू काढायला गेलं की काजळी धरते आणि यंत्र चोंदतं.

सई_सातरस्ता
१२२ ग्रॅम! मुलीनं 'मंगळावर ऑक्सिजनचा कारखाना' असं शीर्षक दिलं होतं. पहिला नंबर आला होता.

काय_बे_सोलापूर
१२२ ग्रॅम म्हणजे आमच्या मावशीची पाटल्यांची जोडी. तेवढ्यासाठी मंगळावर गेलालाव.

मास्तर केमिस्ट्री
काजळीवरून आठवलं. अंतराळयानासाठी बॉश नावाची एक अभिक्रिया फार पूर्वीपासून विचारात आहे: सीओटू आणि हायड्रोजन तापवून घन कार्बन आणि पाणी, आणि त्या पाण्याचा पुढे ऑक्सिजन. कागदावर झकास, काहीच वाया जात नाही. अडचण एकच, कार्बन उत्प्रेरकावरच बसतो आणि त्याला गाडून टाकतो. अंतराळ स्थानकात शेवटी साबातिए अभिक्रिया वापरली. तिच्यात मिथेन आणि पाणी मिळतं, आणि मिथेन फेकून देता येतो. सुटा कार्बन हा पाहुणा जिथं जन्मतो तिथंच ठाण मांडतो.

आणि ही हौस नवी नाही. १७९१ मध्ये स्मिथसन टेनंट या इंग्रज माणसानं संगमरवर (त्यात सीओटू बांधलेला असतो) फॉस्फरससोबत तापवून सीओटूतून काळा कार्बन काढून दाखवला. तोपर्यंत लोक कोळसा जाळून हा वायू करत होते. यानं उलटा प्रवास करून आत काय आहे ते सिद्ध केलं. याच टेनंटनं पुढे १७९७ मध्ये हिरा जाळून तो निव्वळ कार्बन आहे हे दाखवलं. हिरा जाळायला छाती लागते.

निवांत नाना
आणि बायको घरात नसावी लागते.

सई_सातरस्ता
नाना, वाचतायत बरं का सगळ्या.

मास्तर केमिस्ट्री
हा हा. टेनंट अविवाहित होते.

आता माझ्या आवडीचा प्रयोग सांगतो. कॉलेजात दरवर्षी एकदा करायचो. कोरड्या बर्फाचा, म्हणजे गोठवलेल्या सीओटूचा, विटेएवढा ठोकळा, मध्ये चमच्यानं खळगा. त्यात मॅग्नेशियमची कात्रणं, पेटवायची, वर दुसरा कोरडा बर्फ झाकण म्हणून. पोरांना वाटतं विझणार, कारण सीओटूनं आग विझते असं शिकलेलं असतं. त्याऐवजी अख्खा ठोकळा आतून पांढऱ्या कंदिलासारखा पेटतो. जळणारा मॅग्नेशियम सीओटूतला ऑक्सिजन हिसकावून घेतो. थंड झाल्यावर उघडलं की पांढरी राख आणि तिच्यात काळे ठिपके. तो काळा ठिपका म्हणजे मघापर्यंत वायू असलेला कार्बन. बोटाला लावून पोरांना दाखवायचो. पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली होती, "सर, हा आपण मघाशी उच्छ्वासात सोडलेला असेल का?" उत्तर द्यायच्या आत तास संपला.

(घरी करू नका, डोळे जातील. आणि मॅग्नेशियमच्या आगीवर सीओटूचा सिलिंडर मारू नका ते याचमुळे.)

म्हणजे विजेशिवायही सीओटू तोडता येतो, पण मग मॅग्नेशियम खर्ची पडतो, आणि तो बनवायला लागलेली वीज आधीच कुणीतरी भरलेली असते. बिल चुकत नाही, दुसऱ्याच्या नावावर जातं.

बॉयलर बाबूराव
सगळं वाचलं. मास्तरांच्या आकड्यांना मान आहे, पण मालकाचा दुसरा प्रश्न तसाच राहिला की. बरणीत काय आहे?

मी फर्स्ट क्लास बॉयलर अटेंडंट, आता रिटायर. ३१ वर्षं भट्टीसमोर. टॉवेलवाले, मला तीन गोष्टी सांगा. तुमच्या चिमणीचा धूर काळा येतो की फिका? ट्यूबांना ब्रश शेवटचा कधी मारला? आणि तो माणूस पूड कुठून पडते म्हणाला, पाण्याच्या फवाऱ्यानंतर की कोरडी?

टॉवेलवाला
बाबूराव काका, धूर सकाळी काळाच असतो, दुपारी जरा बरा. ब्रश दिवाळीत मारला असेल. आणि हो, मशीनमध्ये 'आधी वॉशिंग होतं' असं तो म्हणाला होता.

बॉयलर बाबूराव
मग झालं. बरणीत काजळी आहे.

काळा धूर म्हणजे न जळलेला कोळसा चिमणीतून पळतोय. भट्टीत हवा कमी पडली, किंवा एकदम फावडं भरून कोळसा लोटला, की तो अर्धवट जळतो आणि काळी काजळी होऊन वर जाते. सोबत बारीक राखही. त्या माणसाच्या मशीनमध्ये पंखा, पाण्याचा फवारा आणि फिल्टर एवढंच असणार. स्क्रबर म्हणतात त्याला, काही नवीन नाही. सीओटूला त्यानं हातही लावला नाही, तो सरळ वरून निघून गेला. त्यानं पकडला तुमचाच कोळसा, जो तुम्ही पैसे देऊन आणला आणि जाळलाच नाही. तोच तुम्हाला परत विकायला आलाय.

तपासायचं सोपं आहे. फायरमनला सांगा, रिकामं लोखंडी फावडं भट्टीच्या तोंडात लाल होईपर्यंत धरायचं. बाहेर काढून बरणीतली चिमूटभर पूड त्यावर टाकायची आणि परत तोंडाशी धरायची. निव्वळ कार्बन असेल तर जळून जाईल, मागं जवळपास काही राहणार नाही. करडी राख राहिली तर ती कोळशातली माती. वायूपासून बनवलेल्या कार्बनमध्ये माती कुठून येणार?

मास्तर केमिस्ट्री
बाबूराव, साष्टांग. मी इथं १९४१ आणि मंगळ सांगत बसलो, तुम्ही फावड्यानं निकाल लावला.

धूर_इंजिनिअर
+१. आणि बाबूरावांच्या शेवटच्या ओळीतली चाचणी कुठल्याही लॅबमध्ये 'राखेचं प्रमाण' या नावानं होते. आपल्या कोळशात राख ३०-४० टक्के असणं नेहमीचं आहे, त्यामुळे चुकण्याची शक्यताच नाही.

तुराटी_ते_कोळसा
उशिरा आले, पण एक सुचवते. ज्यांना खरंच हवेतला कार्बन घट्ट करून ठेवायचा आहे त्यांनी झाडाला त्याचं काम करू द्यावं. साखर, लाकूड, तुराट्या (तुरीच्या वाळक्या काड्या) हे सगळं सूर्यानं फुकट बांधून दिलेलं. साखरेत वजनाच्या ४२ टक्के कार्बनच. आम्ही बार्शीकडं तुराट्या बांधावर पेटवून देण्याऐवजी शंकूसारख्या खड्ड्यात थरावर थर लावून जाळतो. वरच्या ज्वाळेनं खालच्या थराला हवा मिळत नाही आणि त्याचा कोळसा होतो. वर पांढुरकी राख धरायला लागली की पुढचा थर टाकायचा, शेवटी पाणी मारायचं. असा कोळसा शेणखतात मुरवून रानात टाकतो. मातीत तो वर्षानुवर्षं तसाच राहतो, लगेच सडून हवेत जात नाही. यात ऑक्सिजनचं बाटलीकरण वगैरे नाही, हात मात्र आठ दिवस काळे राहतात.

ऊस_आणि_मी
ताई, पाचटावर करून बघितलंय का? आमच्याकडे सगळेच पेटवतात.

तुराटी_ते_कोळसा
पाचट फार पटकन जळतं, कोळसा धरत नाही. आम्ही ते आच्छादनालाच ठेवतो.

पेवकरी
ताई, खड्ड्याचं माप टाका. तुराट्या आमच्याकडं ढिगानं पडल्यात.

तुराटी_ते_कोळसा
वर पाच फूट, खाली अडीच फूट, खोली तीन फूट. बाजू तिरप्या आणि चोपून घ्या. वेगळा धागा काढते.

टॉवेलवाला
मंडळी, अपडेट.

काल संध्याकाळी बाबूराव काकांनी सांगितलं तसं फावडं तापवलं. भाऊही उभा होता. पूड टाकली, कडेनं लाल रेघ धावली, थोडं चमकलं आणि शांत. फावडं थंड केलं तर वर करडी भुकटी, टाकली होती त्याच्या निम्म्याला जराशी कमी. बोटानं चोळली तर रांगोळीसारखी खरखरीत. भाऊ काही बोलला नाही. चेकबुक मात्र ड्रॉवरमध्ये ठेवलं.

आज सकाळी त्या साहेबांना फोन केला. मास्तरांचं गणित कागदावर लिहून समोर घेतलं होतं. विचारलं, माझ्या टनभर कोळशात ४०० किलो कार्बन धरला, तर सगळा सीओटू तोडल्यावर पूड ४०० किलो पडायला पाहिजे, तुम्ही ४० का सांगता? म्हणाले, "दहा टक्के एफिशियन्सी आहे सर, सुरुवातीचं मॉडेल आहे." मग विचारलं, ४० किलोला ३६४ युनिट लागतात, तुमची मोटर ४५ खाते, बाकीचं? जरा थांबून म्हणाले, "टेक्निकल टीमला कॉलवर घेतो." अजून घेतलेलं नाही.

बाबूराव काका, ट्यूबांना आज ब्रश मारायला घेतला. पहिल्या चार ट्यूबांतच दोन घमेली काजळी निघाली. फायरमनला फावडं अर्धंच भरायला सांगितलंय, तर तो म्हणतो, "मालक, मग मला दुप्पट वेळा उठावं लागतं."

बॉयलर बाबूराव
उठूदे त्याला. डॅम्पर (हवेची झडप) किती उघडा ठेवता? आणि आयडी फॅनचा (धूर ओढणाऱ्या पंख्याचा) पट्टा बघा, ढिला असणार. धूर फिका करडा दिसला पाहिजे, अगदी पारदर्शक नको, तेव्हा हवा जास्त होऊन उष्णता वाया जाते. रविवारी मी होटगी रोडला लेकीकडे येतोय, तुमच्याकडं चक्कर मारतो.

टॉवेलवाला
नक्की या काका. गाडी पाठवतो.

काय_बे_सोलापूर
मालक, ती दोन घमेली काजळी टाकून देऊ नका. त्या लॅपटॉपवाल्याला फोन करा आणि म्हणा, माल तयार हाय, किलोवर घेतो म्हणला होता न्हवं?

निवांत नाना
चटणी आली. पुढचा धागा कोणता?